पॅसेजमधली खडखड

आमच्या कानाच्या विभागातले सर्वांत तरुण डॉक्टर परदेशी निघाले, तेव्हा त्यांची सायकल मला देऊन गेले. साधी सायकल नव्हती. डोंगरात चालवायची, जाड टायरांची, आणि दोन्ही पेडलांच्या मधोमध मोटर बसवलेली. पाय मारला की मोटर सोबत जोर लावते, पाय थांबला की तीही थांबते. डॉक्टर रविवारी ती गाडीच्या मागे बांधून घाटात न्यायचे. माझे गुडघे कुरकुरतात हे त्यांना माहीत होतं.

"नुसती पडून राहील, त्यापेक्षा तुम्ही चालवा," ते म्हणाले. "फक्त आवाजाला घाबरू नका."

"कसला आवाज?"

"कळेल."

दुसऱ्याच दिवशी डिलाईल रोडच्या पुलावर कळलं. मी राहायचो वरळीच्या चाळीत, नोकरी परळच्या हॉस्पिटलात. पुलाच्या चढावर मागून कोणीतरी हात लावून ढकलतंय असं वाटत होतं आणि त्याची मजा वाटत होती. माथ्यावर पोचलो, पाय थांबवले, सायकल उताराला लागली, आणि माझ्या पायांच्या मधोमध काहीतरी खडखडायला लागलं. रिकाम्या डब्यात चार नट टाकून कोणी हलवावा तसा तो आवाज होता. मी घाबरून पेडल दाबलं. आवाज बंद. पाय सोडले, पुन्हा खडखड. म्हणजे मी काही करत असलो की ती गप्प, आणि मी नुसता बसलो की बोलायला लागायची.

दादरला एका गल्लीत अशा सायकली दुरुस्त करणारं दुकान होतं. दुकान वडिलांचं, आता मुलगी चालवत होती. पस्तिशीची असेल. तिने सायकल उचलून दोनदा जमिनीवर हलकेच आपटली, कान लावला आणि हसली.

"नॉर्मल आहे सर. पेडलवर जोर असला की आतले दाते एकमेकांना धरून असतात. जोर काढला की सुटे होतात. मग खड्डा आला की आपटतात. ह्या मोटरचं असंच असतं."

"म्हणजे बिघाड नाही?"

"बिलकुल नाही. महिनाभर चालवा. आवाज राहील, पण तुम्हाला ऐकू यायचा बंद होईल."

तिचं म्हणणं मला लगेच पटलं, कारण माझा धंदाच तो आहे. ऑडिओमेट्री. पेशंटला बंद खोलीत बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचे आणि बारीक बारीक आवाज सोडायचे. आवाज आला की त्याने बटण दाबायचं. पंचवीस वर्षं काचेच्या या बाजूला बसून मी एक गोष्ट पाहिली आहे. कुठलाही आवाज पुरेसा वेळ चालू राहिला आणि तो बिनधोक आहे असं एकदा मनाने धरलं, की माणूस तो ऐकत नाही. आणि याच्या उलटही होतं. मी काहीच सोडलेलं नसताना लोक बटण दाबतात. विचारलं तर शपथेवर सांगतात की आवाज आला.

त्या वर्षी आमची चाळ रिकामी होत होती. नव्या इमारतीसाठी पाडायची होती. तळमजल्याला मधोमध लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, अशी ती रचना. आमची खोली दारापासून पार शेवटची. एकेक बिऱ्हाड टेम्पोत सामान भरून जात होतं. जाताना लोक ट्यूबलाइट, पंखे, कोणी कोणी दाराचे कोयंडेसुद्धा काढून नेत. पॅसेजमधले दिवे एकामागून एक गेले. ज्या पॅसेजमध्ये आम्ही मुलं पावसाळ्यात क्रिकेट खेळायचो, जिथे वर्षावासात संध्याकाळी बुद्धवंदनेला सतरंज्या अंथरल्या जात, तिथे भर दुपारी तीन वाजता हात समोर धरून चालावं लागे.

शेवटी आमच्या मजल्यावर मीच उरलो. आमच्याच कागदात आजोबांच्या नावाचं एक अक्षर चुकलं होतं. ते दुरुस्त होईपर्यंत चावी देता येत नव्हती. मुलीची परीक्षा होती म्हणून बायको तिला घेऊन चिंचपोकळीला माहेरी गेली होती. ती रोज फोनवर विचारायची, "एकटं भीती नाही ना वाटत?" मी म्हणायचो, "कसली भीती? जन्म गेला इथे."

पण सायकल घेऊन पॅसेजमधून जाणं मला आवडत नव्हतं, हे खरं. बाहेर ठेवावी तर चोरीची धास्ती, म्हणून रोज आत न्यायचो. फरश्या जागोजागी उखडल्या होत्या. सायकल हाताने ढकलत निघालो की मोटर खडखडायची, आणि रिकाम्या खोल्या तो आवाज उचलून धरायच्या. वाटायचं, मागून आणखी कोणी सायकल घेऊन येतंय. पहिल्या आठवड्यात मी मागे वळून पाहायचो. मग सवय झाली.

तो सोमवार होता. ड्यूटी संपवून साडेतीनच्या सुमारास आलो. उन्हातून आत शिरलं की काही क्षण काहीच दिसत नाही. सायकल ढकलत दहा-बारा पावलं गेलो आणि माझ्या लक्षात आलं की आज खडखड जास्त आहे. नेहमीसारखीच, पण दाट. एकात एक मिसळल्यासारखी. मी थांबलो. आवाजही थांबला. सायकल उभी, म्हणजे थांबणारच. पुन्हा निघालो. चाक एखादी फरशी सरकलं असेल नसेल, तोवर खडखड सुरू. पुन्हा थांबलो. शांत.

मग मी एक खुळ्यासारखी गोष्ट केली. एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्या हाताने पेडल पुढे दाबून धरलं आणि तसाच वाकून सायकल थोडी पुढे रेटली. दाते धरलेले असले की मोटर वाजत नाही, हे मला आता माहीत होतं.

खडखड झाली.

हात सरकला असेल, पेडल सुटलं असेल, असं मनाला सांगत मी भराभर आमच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. पंखा पूर्ण वेगाने सोडला. टीव्ही लावला. बायकोचा फोन आला तेव्हा नवीन काही नाही म्हणून सांगितलं. त्या रात्री मी पुन्हा पॅसेजच्या त्या टोकाला गेलो नाही. संडास आमच्या बाजूलाच होता.

मंगळवारी सकाळी निघताना मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि सायकल ढकलत पॅसेजभर गेलो. दाराजवळ येता येता तेच. मी थांबलो की थांबणारं, निघालो की सुरू होणारं. बाहेर उजेडात आल्यावर मी रेकॉर्डिंग बंद केलं.

हॉस्पिटलात पहिला पेशंट यायच्या आधी मी ते रेकॉर्डिंग चांगल्या हेडफोनवर लावलं. मग माझ्या सहकारी बाईंना दिलं. माझ्या शेजारच्या टेबलावर त्या पंधरा वर्षं काम करताहेत आणि त्यांचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"ह्यात दोन आवाज आहेत," त्या म्हणाल्या.

"प्रतिध्वनी. रिकाम्या खोल्या आहेत दोन्ही बाजूंना."

"प्रतिध्वनी मागून येतो. हा एकदा आधी आलाय."

मी हेडफोन परत घेतले. "मोटरच आहे हो. दुकानवालीने सांगितलंय, ती वाजतेच."

बाहेर रांग लागली होती. दिवसभर मी लोकांच्या कानात आवाज सोडत राहिलो. मधल्या सुट्टीत स्वतःलाच खोलीत बसवून बाईंकडून तपासून घेतलं. माझे दोन्ही कान व्यवस्थित होते. त्याने बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

ड्यूटी सुटल्यावर सरळ दादर गाठलं आणि सायकल दुकानात टाकली. "उघडून बघा," म्हटलं. "मला काही कारण नकोय. नुसती उघडून बघा." ती म्हणाली, दोन दिवस लागतील. मी बसने घरी आलो.

सायकल नसताना मी हलका होतो. पॅसेजच्या तोंडाशी आलो तेव्हा आज आपण शांतपणे चालत जाणार, या विचाराने मला जवळजवळ हसू येत होतं. आत शिरलो. एक पाऊल. दुसरं पाऊल. चपलांचा आवाज.

खडखडखड.

मी जागच्या जागी थिजलो. आवाज थांबला.

इथे मी खरं तेच लिहिणार आहे. मी पळालो. एकोणपन्नास वर्षांचा माणूस, सरकारमान्य सर्टिफिकेट असलेला कानाचा टेक्निशियन, तोंडातून शब्द न काढता पळालो. चाळीसमोरच्या मैदानाच्या कडेला चहाची टपरी होती तिथे जाऊन उभा राहिलो आणि चहा मागितला. चाळीच्या बंदोबस्ताला ठेवलेला वॉचमन तिथेच बाकड्यावर बसला होता. मी त्याला विचारलं, आमच्या मजल्यावर कोणी आहे का?

"कोई नहीं साहब," तो म्हणाला. "बस आप ही हो."

"कोणी आलं होतं? सामान न्यायला वगैरे?"

त्याने डोकं खाजवलं. "कल दोपहर एक बुजुर्ग आए थे. बोले, मेरा ही घर है, थोड़ा बैठूँगा. मैं खाना खाने गया था. निकल गए होंगे."

चहा अर्धा टाकून मी उठलो. त्याला म्हटलं, "माझ्याबरोबर चल. टॉर्च घे."

पॅसेजमध्ये शिरताच आवाज आला. या वेळी मी थांबलो नाही. चालत राहिलो आणि ऐकत राहिलो, जसं पहिल्याच दिवशी ऐकायला हवं होतं तसं. आवाज डावीकडून, खालून येत होता. तिसरं दार. वॉचमनने टॉर्च मारला. रिकाम्या खोल्यांना बाहेरून कुलपं होती किंवा दारं सताड उघडी होती. या दाराला कुलूप नव्हतं आणि ते बंद होतं. दोन दिवसांत दोनदा मी सायकल घेऊन त्याच्यासमोरून गेलो होतो.

दार आतून लावलेलं होतं. दारावर हवेसाठी जाळी होती. वॉचमनने आपली खुर्ची आणली, तिच्यावर चढून मी आत पाहिलं. मागच्या खिडकीतून उजेड येत होता. नुसती खोली. मोकळी फरशी, मोरीचा कट्टा, भिंतीवर तसबिरी काढल्याचे पांढरे चौकोन. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कोणी नाही.

"कोणी नाही," मी म्हटलं आणि उतरायला पाय खाली घेतला. तेवढ्यात बरोबर माझ्या खाली, दाराच्या पलीकडे, खडखड झाली. मी जाळीला गाल लावून सरळ खाली पाहिलं. पांढरे केस दिसले आणि एक हात. हाताने दाराची खालची कडी धरली होती.

वॉचमनने कुठूनशी लोखंडी पहार आणली. दाराच्या दोन फळ्यांपैकी एक बिजागरीकडून हळूहळू उचकटली, आतल्या माणसाच्या अंगावर पडू नये म्हणून. मी आत वाकलो तेव्हा ओळखलं. समोरच्या ओळीतले काका. माझ्या जन्माआधीपासूनचे शेजारी.

काका महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. रस्त्यातल्या व्हॉल्वच्या चाव्या फिरवून कुठल्या वस्तीला किती वाजता पाणी सोडायचं, ते काम. जमिनीखाली गळती कुठे आहे हे शोधायला ते लोखंडी कांब रस्त्यावर टेकवून तिचं दुसरं टोक कानाला लावायचे. सहावीत असताना त्यांनी एकदा मला ती कांब धरायला दिली होती. "काय येतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाणी पळतंय. ते म्हणाले, "तुझा कान चांगला आहे." पुढे मी कानाच्या कोर्सला गेलो त्यात या वाक्याचा हात होता, असं मी घरी नेहमी सांगत आलोय.

त्यांच्या तोंडाची उजवी बाजू ओघळली होती. उजवा हात अंगाखाली गेला होता. ओठ हलत होते, पण शब्द होत नव्हता. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, वॉचमनच्या बाटलीतलं पाणी बोटाने त्यांच्या ओठांना लावलं. ते माझ्याकडे एकटक पाहत होते. मी सारखं म्हणत होतो, "काका, मी आलोय, मी आलोय." त्यांच्या डाव्या हाताची पकड कडीवरून सोडवायला मला एकेक बोट उलगडावं लागलं.

ॲम्ब्युलन्सने आम्ही त्यांना आमच्याच हॉस्पिटलात नेलं. त्यांची मुलगी डिलाईल रोडला राहते. ती धावत आली. काका तिच्याकडे राहत होते. सोमवारी सकाळी बाहेर पडले तेव्हा तिला वाटलं, कल्याणला भावाकडे गेले. फोन घरी चार्जिंगला विसरले होते. भावाला वाटत होतं, बहिणीकडे आहेत. ती माझा हात धरून रडली. "तुम्ही होतात म्हणून," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलावर पेढ्यांचा बॉक्स ठेवून गेली. मी तो विभागात वाटला. एकही तोंडात घातला नाही.

काकांवर उपचार करणारे डॉक्टर मला कॉरिडॉरमध्ये म्हणाले, आणखी लवकर आणलं असतं तर उजव्या हाताचं काही करता आलं असतं. त्यांना काही माहीत नव्हतं. ते सहज बोलत होते.

काकांची वाचा दीड-दोन महिन्यांनी परत यायला लागली. आधी एकेक अक्षर, मग तुटक वाक्यं. एका रविवारी सकाळी मी भेटायला गेलो. "जय भीम काका," म्हणून बाजूला बसलो. मुलगी स्वयंपाकघरात होती. काकांनी मान माझ्याकडे वळवली.

"तूच होतास," ते म्हणाले. "सायकल."

मी मान हलवली.

"पाऊल वाजलं की कडी हलवायचो. तू थांबायचास." त्यांनी श्वास घेतला. "तू थांबलास की मीही थांबायचो. वाटायचं, ऐकलं त्याने. आता दार उघडेल."

पंख्याची हवा भिंतीवरचं कॅलेंडर वर-खाली करत होती.

"मग चाक वाजायचं," ते म्हणाले. "पुढे."

"काका, मला वाटलं मोटर आहे." मी म्हटलं. "सायकलची मोटर वाजते. मला सांगितलं होतं की वाजतेच."

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की दमले म्हणून, ते कळलं नाही.

मी उठलो. स्वयंपाकघराच्या दिशेने दोन पावलं टाकली. त्यांच्या मुलीला सगळं सांगून टाकायचं होतं. काकांनी डाव्या हाताने माझा शर्ट मागून धरला. पकड तीच होती.

"तिला नको," ते म्हणाले. "ती पण स्वतःला दोष देत बसते. भावाला फोन का नाही केला, फोन का नाही केला. असे दोघं नकोत."

मग मी बसलो. त्यांच्या मुलीने चहा आणला, आम्ही प्यायलो. ते सांगणं तसंच राहून गेलं. बायकोला मात्र त्याच संध्याकाळी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या सोमवारी मी फोन केला तेव्हा काही नाही असं का म्हणालास?"

दुकानवालीला सायकलमध्ये काहीच सापडलं नाही. सायकल अजून माझ्याकडे आहे आणि गुडघ्यांमुळे मला ती लागते. पण पुलावरून उतरताना मी पाय थांबवत नाही. उतारावरही पेडलवर थोडा जोर ठेवतो, म्हणजे ती वाजत नाही. मागून येणाऱ्यांना वाटत असेल, हा उतारावर कशाला पाय मारतोय.

चाळ पाडण्याआधी काकांच्या मुलीने मला त्यांची खोली शेवटची बघून यायला सांगितलं. दाराजवळच्या खुंटीला एक कापडी पिशवी लटकत होती, घडीच्या खुणा अजून ताज्या असलेली. आत काही नव्हतं. मी मोरीच्या कट्ट्याखाली, माळ्यावर, खिडकीच्या फळीमागे हात घालून पाहिलं. कुठेच काही नव्हतं. पिशवी मी त्यांना नेऊन दिली.

काका अजूनही मी गेलो की विचारतात, "सापडलं का?"

"काय, काका?"

"मी न्यायला आलो होतो ते."

"काय न्यायला आला होतात?"

ते आठवायचा प्रयत्न करतात. त्या सकाळचं त्यांना काहीच आठवत नाही. फक्त एवढं पक्कं आठवतं की काहीतरी आणायचं होतं आणि ते त्या खोलीत होतं. त्यांची मुलगी म्हणते, बाबा, सगळं सामान आपण आणलंय, एक चमचासुद्धा राहिला नव्हता. ते तिच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे. मी म्हणतो, "नाही सापडलं, काका." ते म्हणतात, "बघ परत एकदा." त्या जागेवर आता खोल खड्डा आहे आणि भोवती पत्रे ठोकलेत. मी म्हणतो, बघतो.